आजारी चित्रकार मित्राचं व्यक्तिशिल्प : पहिल्या विचारापासून अनावरणापर्यंत

आमच्या चित्रकार मित्राला कंपवाताचं निदान होऊन नऊ वर्षं झाली होती. कोल्हापुरात पंचगंगेचा घाट आणि गुऱ्हाळं जलरंगात रंगवत त्याची हयात गेली. कलामहाविद्यालयात त्याने सव्वीस वर्षं शिकवलं. मग एके दिवशी त्याने ब्रश धुऊन बरणीत उभे केले आणि पुन्हा काढले नाहीत. त्यानंतर आम्ही पाच मित्रांनी ठरवलं, याचं व्यक्तिशिल्प करून घ्यायचं आणि त्याच्याच महाविद्यालयाला भेट द्यायचं, तेही तो स्वतः समोर उभा राहून बघेल अशा वेळी.

हे काम पुरं व्हायला अकरा महिने लागले. कशानंतर काय करायचं हे आधी माहीत असतं, तर सहा महिन्यांत झालं असतं. आजारी माणसाच्या बाबतीत हे पाच महिने फार मोठे असतात, म्हणून हा लेख. तुमच्या मनात असंच काही असेल, तर आम्ही जिथे चाचपडलो तिथे तुमचा वेळ जाऊ नये.

आधी त्याला विचारा

हे काम गुपचूप करून त्याला शेवटी चकित करायचं, असा मोह होतो. तो आवरा. चेहरा त्याचा आहे, आणि तो स्वतः कलावंत असल्याने आपला चेहरा कुणी, कसा घडवावा याबद्दल त्याला ठाम मतं असणारच. आजार बोलणं किंवा स्मरण हिरावणारा असेल, तर हा होकार आजच घ्यायला हवा. आम्ही त्याच्या होकाराचे चार शब्द साध्या कागदावर लिहून त्याची सही घेतली. कंपाने सही वाकडी आली, पण पुढे संस्थेच्या बैठकीत त्याच कागदाने दोन शंका मिटवल्या.

घरच्यांशी वेगळं बोला. वहिनींचा पहिला प्रश्न होता, "जित्या माणसाचा पुतळा कुणी करतं होय?" या प्रश्नाला उडवून लावू नका. आपल्याकडे पुतळा म्हटलं की गेलेला माणूस आणि हार म्हटलं की भिंतीवरचा फोटो, हे मनात खोल रुजलेलं असतं. आम्ही त्यांना महाविद्यालयाच्या शिल्प विभागात घेऊन गेलो. तिथे मुलं समोर बसलेल्या शिपाईकाकांचं डोकं मातीत घडवत होती आणि काका मधेच उठून आपलं नाक बघून येत होते. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी दोन अटी घातल्या : हार घालायचा नाही, आणि पाटीवर 'पुतळा' हा शब्द नको. दोन्ही आम्ही शेवटपर्यंत पाळल्या.

आणि एक गोष्ट वर्गणीची वही उघडण्याआधी तपासा : त्याच्या औषधोपचाराचा खर्च भागतोय का? नसेल, तर गोळा होणारा पैसा आधी तिकडे गेला पाहिजे. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, तिचा अर्ज केलाय का तेही बघा. शिल्प टेराकोटात, म्हणजे भाजलेल्या मातीत, करून खर्च कमी करता येतो, उपचारात तसं करता येत नाही.

जागा आधी, माती नंतर

आम्ही उलटं केलं. माती मळून झाली आणि मग जागा शोधायला निघालो. एका संस्थेने तोंडी होकार दिला, दोन महिने झुलवलं आणि शेवटी जागा नाही म्हणून कळवलं. त्या दोन महिन्यांत मित्राचं चालणं आणखी मंदावलं.

चौक, बाग, रस्त्याची कड असली स्वप्नं सुरुवातीलाच बाजूला ठेवा. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक जागेवरच्या पुतळ्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, असा लांबचा प्रवास आहे. एका हयात मित्राच्या सन्मानासाठी त्या वाटेला जायचं कारणच नाही. त्याच्या कामाशी नातं असलेली, छताखालची जागा बघा. त्याने शिकवलेलं कलामहाविद्यालय, त्याने ज्याच्या भिंती रंगवल्या ते वाचनालय, त्याने नेपथ्य केलेलं नाट्यगृह, तो जिथे वाढला ती शाळा. मोठ्या संग्रहालयाचा मान मोठा वाटतो, पण तिथे शिल्प गोदामात जाण्याची शक्यताही मोठी असते. ज्या इमारतीत रोज शंभर मुलं त्याच्या समोरून ये-जा करतील ती जागा मला केव्हाही जास्त मोलाची वाटते.

संस्थेला पत्र देताना एका पानात सगळं मावू द्या : कोणाचं शिल्प, कशात, किती उंचीचं, अंदाजे किती वजनाचं, चौथरा कोण करणार, खर्च कोणाचा, आणि तुम्हाला कोणती जागा सुचते. बरोबर त्याच्या होकाराच्या कागदाची प्रत जोडा. प्राचार्य किंवा ग्रंथपाल हसून "द्या की" म्हणाले, तरी त्यावर थांबू नका. विश्वस्त संस्था असेल तर कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो. शासकीय किंवा अनुदानित संस्थेत वस्तू स्वीकारण्याचा अधिकार एकट्या प्राचार्यांकडे असतोच असं नाही, वरच्या कार्यालयाची मान्यता लागू शकते. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत हातात पडली की मगच शिल्पकाराला पहिला हप्ता द्या.

शिल्पकार निवडताना

व्यक्तिशिल्प ही वेगळी जात आहे. मंडळांच्या मूर्ती सुरेख करणारा कलाकार माणसाचं साम्य पकडेलच असं नाही. त्याने केलेली निदान तीन व्यक्तिशिल्पं प्रत्यक्ष बघा, आणि ज्यांची ती आहेत त्या माणसांचे फोटो शेजारी धरून बघा. फक्त समोरून बघू नका, गालाच्या पाऊण बाजूने बघा. साम्य तिथेच टिकतं किंवा ढासळतं.

आमच्या मित्राने स्वतःच एक जुनी विद्यार्थिनी सुचवली. ती आता शिल्पकार म्हणून काम करते. ओळखीचा माणूस समोर असला की बसणाऱ्याचा ताण जातो, हा फायदा मी कमी लेखणार नाही.

कराराला दोन पानं पुरतात. त्यात माप, माध्यम, मुदत आणि पैशाचे तीन टप्पे लिहा : सुरुवातीला एक, मातीचं काम मान्य झाल्यावर एक, शिल्प हातात आल्यावर शेवटचा. ओतकाम, वाहतूक आणि जीएसटी रकमेत धरलाय की वेगळा, हे स्पष्ट हवं. साचा काम झाल्यावर कोणाकडे राहणार आणि त्यातून किती प्रती काढता येतील, हेही लिहा. मागणीवरून केलेलं शिल्प असलं तरी करारात वेगळं ठरलं नसेल, तर त्याचा कॉपीराइट शिल्पकाराकडे राहतो. तुम्हाला पुढे त्याचा फोटो एखाद्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापायचा असेल, तर ती मुभा आत्ताच मागून घ्या.

बैठका

शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये बसवली गेली, बाबांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी. ती घडवणाऱ्या बाळाजी वसंत तालीम यांच्यासमोर बाबा नव्हते, छायाचित्राच्या आधारावर त्यांना सगळं उभं करावं लागलं. तुमच्यासमोर माणूस आहे. शिल्पकारासमोर बसण्याच्या त्याच्या बैठका हा या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि आजारपणात तोच सगळ्यांत जपून वापरायचा.

आधी फोटो काढून घ्या. त्याला फिरत्या खुर्चीवर बसवा आणि पंधरा-पंधरा अंशांनी वळवत चोवीस फोटो काढा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. मोबाइल असेल तर चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करा. एक फोटो वरून टाळूचा, एक खालून हनुवटीचा. उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे गालाची हाडं आणि सुरकुत्यांची खोली कळते. मग कॅलिपरने, म्हणजे मापाच्या कंपासने, मापं : कानापासून कान, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतलं अंतर, नाकाच्या बुडाची रुंदी, कानाच्या छिद्रापासून नाकाचं टोक. हल्ली मोबाइलवर त्रिमितीय स्कॅनही होतं. मापांची नोंद म्हणून ते चांगलं, पण कंप असेल तर कडा दुहेरी येतात आणि केस नीट उमटत नाहीत.

या सामग्रीवर शिल्पकाराने आपल्या स्टुडिओत लोखंडी सांगाड्यावर माती चढवून ढोबळ डोकं उभं करून ठेवावं. म्हणजे प्रत्यक्ष बैठकीत मापं घेण्यात वेळ जात नाही. तो वेळ फक्त बघण्यासाठी उरतो.

चेहऱ्यावर प्लास्टर ओतून साचा घेण्याची कल्पना कुणी सुचवली, तर आजारी माणसाच्या बाबतीत सरळ नकार द्या. प्लास्टर घट्ट होताना ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतं, श्वास कोंडतो, आणि हाती लागतो तो डोळे मिटलेला, प्लास्टरच्या वजनाने ओघळलेला चेहरा.

बैठका त्याच्या घरी ठेवा. आमच्याकडे पाच झाल्या. कंपवाताच्या गोळीचा असर चढलेला असतो त्या वेळेत, म्हणजे गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने, आम्ही सुरुवात करायचो. वीस मिनिटं बसणं, मग चहा, मग पुन्हा वीस मिनिटं. हाताची खुर्ची, पाठीला आधार, पंख्याचा झोत तोंडावर नाही, कारण या आजारात पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. मातीचं डोकं फिरत्या टेबलावर त्याच्या डोक्याच्याच उंचीला आणि अगदी शेजारी हवं. शिल्पकाराला मान न वळवता दोन्ही एकदम दिसायला हवेत.

आजार वेगळा असेल तर वेळापत्रकही वेगळं. डायलिसिस चालू असेल तर त्या दिवशी बैठक नको, दुसऱ्या दिवशी अंगात जीव असताना ठेवा. किमोथेरपीत प्रतिकारशक्ती खालावलेली असते. तेव्हा दिवसेंदिवस ओली राहून बुरशी धरलेली माती खोलीत नेऊ नका, ताजी माती किंवा तेलातली मॉडेलिंग क्ले वापरा. स्टिरॉइडमुळे चेहरा सुजलेला असेल तर हाडांची ठेवण जुन्या फोटोंवरून घ्यावी आणि बैठकीत फक्त नजर आणि ओठ बघावेत. विस्मरणाच्या आजारात एकच माणूस, एकच खोली, एकच वेळ ठेवली की बसणाऱ्याची घालमेल कमी होते.

दोन बैठकांमध्ये मातीची काळजी कोण घेणार ते नाव घेऊन ठरवा. ओलं सुती फडकं आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, एवढंच काम आहे. एप्रिलमध्ये तीन दिवस आम्ही सगळे एकमेकांवर विसंबलो. फडकं खडखडीत वाळलं आणि उजवा कान तडकून खाली पडला.

कोणता चेहरा

इथे आमच्यात खरा वाद झाला. कंपवातात चेहऱ्यावरचे भाव हळूहळू गोठतात. मनात हसू असतं, पण ते गालापर्यंत पोचत नाही. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं, पंधरा वर्षांपूर्वीचा, दाढी राखलेला, मिस्कील चेहरा करावा, मुलांच्या आठवणीत तोच आहे. मला ते पटत नव्हतं, पण माझं मत महत्त्वाचं नव्हतं.

शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी रवींद्रनाथांच्या उतारवयात केलेलं त्यांचं शिल्प आठवा. मान खाली झुकलेली, चेहऱ्यावर थकवा आणि आत वळलेली नजर. बऱ्याच लोकांना असा कवी बघवत नाही. त्याची एक प्रत हंगेरीत बालातोनफ्युरेडला आहे. १९२६ मध्ये रवींद्रनाथांनी तिथे हृदयविकारावर उपचार घेतले होते. मला ते शिल्प आवडतं. त्यात थकलेल्या माणसाकडे आदराने बघणं आहे.

आम्ही मित्रालाच विचारलं. तो सावकाश, एकेक शब्द गोळा करत म्हणाला, "आजचाच कर. पण... बघताना."

बघताना म्हणजे काय, हे तिसऱ्या बैठकीत कळलं. शिल्पकार मुलीने एका विद्यार्थ्याचं ओलं जलरंगचित्र आणून त्याच्यासमोर टेकवून ठेवलं. क्षणभराने त्याची डावी पापणी किंचित आखडली, भुवईच्या टोकाला गाठ आली आणि खालचा ओठ पुढे आला. सव्वीस वर्षं मुलांच्या कामासमोर उभा राहून तो असाच बघायचा. तेवढ्या पाच मिनिटांत तिने मातीत जे पकडलं, त्यावर आमचं सगळं शिल्प उभं आहे. तुमच्या मित्राला जे जागं करतं ते बैठकीत आणा. गायक असेल तर तंबोरा लावून ठेवा, नट असेल तर त्याच्या जुन्या सहकाऱ्याला समोर बसवा, विणकर असेल तर हातात सूत द्या.

साम्य तपासायला गर्दी बोलावू नका. येणारा प्रत्येक जण नाकाबद्दल काहीतरी बोलतोच आणि शिल्पकार गोंधळतो. घरातलं एक माणूस, मित्रांतला एक आणि तो स्वतः, एवढ्यांनी एकदाच, दिवसाच्या उजेडात बघावं. सूचना एका कागदावर द्याव्यात. आमच्या मित्राने फक्त एक सूचना केली, "कान मोठा. वयानं वाढलाय." मापलं, तर शिल्पातला कान खरंच दोन मिलिमीटर कमी होता.

त्याच दिवशी त्याने मानेच्या मागे, कॉलरच्या आत, मातीत अंगठा दाबला. हात थरथरल्यामुळे एकावर एक असे दोन ठसे उमटले. शिल्पकाराने ते तसेच ठेवले. असं काही तुमच्या मित्राला करावंसं वाटलं तर त्याला जागा द्या. साचा घेतल्यावर ती संधी राहत नाही.

कशात करायचं

अर्धपुतळ्याऐवजी मान आणि कॉलरपर्यंतचं शीर्षशिल्प घ्या, असं मी सुचवेन. खांदे आणि सदऱ्याच्या चुण्या खर्च वाढवतात, माणसाची ओळख वाढवत नाहीत. आकार खऱ्याएवढाच. दीडपट केलं की सन्मान दीडपट होत नाही, आणि घरातल्यासारख्या कमी उंचीच्या खोलीत ते अंगावर येतं.

टेराकोटा स्वस्त आणि उबदार. पण वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, शेकडा आठ-बारा तरी. म्हणून शिल्पकाराने त्या हिशेबाने मोठं करायला हवं, आणि आतून पोकळ. धक्का लागला तर फुटतं. प्लास्टरला लोक कमी लेखतात. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती १८९६ ची, प्लास्टरची, आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने ती अजून जपली आहे. कोरडी, छताखालची जागा आणि काळजी घेणारी माणसं असतील तर प्लास्टर शंभर वर्षं राहतं. पण कोल्हापूर-कोकणाच्या पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर नको. फायबर हलकं आणि लवकर होणारं. वेळ फारच कमी असेल, तर आधी फायबरची प्रत बसवून अनावरण करावं आणि साचा जपून पुढे ब्राँझ करावं, हा मार्ग मोकळा असतो. संगमरवराला वेळ फार लागतो, आजारी माणसासाठी तो विचार सोडून द्या.

आम्ही ब्राँझ केलं. मातीवरून सिलिकॉन रबरचा साचा घेतात, बाहेरून प्लास्टरचं कवच. या वेळी मातीचं मूळ काम मोडतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. वहिनी त्या दिवशी तिथे असत्या तर त्यांना ते बघवलं नसतं. साच्यात मेणाचा पोकळ चेहरा काढतात, चार-पाच मिलिमीटर जाडीचा. मेणाच्या टप्प्यावर शिल्पकाराने फौंड्रीत, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यात, जाऊन शिवण आणि बुडबुडे स्वतः दुरुस्त करायलाच हवेत, ते कारागिरावर सोडलं की पापण्या बोथट होतात. मग मेणाला नळ्या जोडून, आत-बाहेर कवच चढवून भट्टीत मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. ब्राँझ थंड होताना शेकडा दीड-दोन आक्रसतं, डोळ्यांना ते जाणवत नाही.

फौंड्रीला तीन गोष्टी विचारा. मिश्रधातू कोणता? ८५ टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के कथील, जस्त, शिसं हे नेहमीचं, खात्रीचं प्रमाण. आतल्या गाभ्याला धरणारे लोखंडी खिळे ओतकामानंतर काढून ती भोकं ब्राँझनेच बुजवणार का? खिळे राहिले तर चार पावसाळ्यांत गालावर तांबडा ओघळ येतो. आणि पॅटिना, म्हणजे रसायनाने धातूवर आणलेला रंग, कोणता? फेरिक नायट्रेटने येणारा तपकिरी रंग चेहऱ्याला शोभतो. चकचकीत सोनेरी पॉलिश केलं की सगळा उजेड नाकावर साचतो आणि नजर हरवते.

आमचं शिल्प साडेतेरा किलो भरलं. अर्धपुतळा केला असता तर पंचवीस ते चाळीस किलो सहज झाला असता.

दानपत्र

जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूचं दान १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष ताबा दिल्यानेही पूर्ण होतं, नोंदणी सक्तीची नाही. तरी दानपत्र लिहाच, कारण मुख्याध्यापक बदलतात, विश्वस्त बदलतात आणि तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातात.

आमच्या दानपत्रात चारच अटी होत्या. शिल्प अमुक मजल्यावर, अमुक जागी राहील, हलवायचं झाल्यास घरच्यांना आधी कळवावं. त्याला रंग लावू नये. शिल्पकाराचं नाव पाटीवरून काढू नये. आणि संस्थेला ते ठेवणं शक्य झालं नाही तर विकू वा मोडीत काढू नये, कुटुंबाला परत द्यावं. याहून जास्त अटी घातल्या तर कोणतीही संस्था कचरेल.

चौथी अट जास्तीची वाटेल, तर शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं प्रकरण लक्षात ठेवा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कलाकृतीची मोडतोड न होण्याचा कलावंताचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे. पण न्यायालयात तेवढी वर्षं काढण्यापेक्षा दानपत्रातली एक ओळ बरी.

शिल्प पोचलं की संस्थेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाली का ते स्वतः बघा, पान क्रमांक टिपून घ्या. ज्या वस्तूची तिथे नोंद नाही ती वस्तू साफसफाईत कुठेही जाऊ शकते. प्राप्तिकरातली देणगीवरची सवलत पैशाच्या दानाला मिळते, वस्तूच्या दानाला नाही. वर्गणीदारांना हे आधीच सांगा, म्हणजे नंतर कुणी पावती मागत येणार नाही.

चौथरा, उजेड, पाटी

चौथऱ्याची उंची ठरवताना त्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा आणि शिल्पाचे डोळे तिथे आणा. आमच्याकडे ती १५५ सेंटिमीटर होती, शिल्पाचे डोळे तळापासून ३० वर, म्हणून चौथरा १२५ चा. मुलं आता त्याच्याकडे मान वर करून बघत नाहीत. शिल्प चौथऱ्याला स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने आतून कसा. दप्तरं लागतात अशा जिन्याच्या वळणावर ठेवू नका. वरच्या एका बाजूने तिरका उजेड द्या, किंवा खिडकीचा घ्या. डोक्यावर ट्यूबलाइट असली की डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो आणि माणूस आजारी दिसतो.

पाटीवर नाव, तो काय करायचा, किती वर्षं शिकवलं, शिल्पकाराचं नाव, माध्यम, साल, आणि 'मित्रपरिवाराकडून'. आमची नावं नाहीत. आणि एक कळकळीची विनंती : जन्मसाल लिहून पुढे रेघ मारून जागा मोकळी सोडू नका. पाटी करणाऱ्याने सवयीने तसं केलं होतं. बसवायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं आणि आम्ही ती रातोरात बदलून घेतली.

अनावरण

तारीख पाहुण्यांच्या सवडीने नको, मित्राच्या गोळीच्या वेळेने ठरवा. आमचा कार्यक्रम सकाळी साडेदहाला सुरू होऊन सव्वाअकराला संपला. एकच वक्ता, त्याचा सगळ्यांत जुना विद्यार्थी. तळमजला, जवळ स्वच्छतागृह, दारात गाडी. सभोवती त्याची बारा जलरंगचित्रं लावली होती, म्हणजे लोक आधी कामाकडे बघत होते. झाकायला पातळ सुती उपरणं घेतलं, थरथरत्या हाताने ओढलं तरी अडकणार नाही असं. हार नाही, तसबिरीला लावतात तसा बुक्का-कुंकू नाही. शिल्पासमोर काचेच्या बरणीत त्याचे जुने ब्रश ठेवले होते.

त्या दिवशी त्याला येता आलंच नाही तर काय, याची तयारी हवी. आम्ही आदल्या संध्याकाळी शिल्प त्याच्या घरी नेलं आणि रात्रभर तिथेच ठेवलं. दिवाणखान्यात स्टुलावर. त्याने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, अगदी त्याच नजरेने, डावी पापणी आखडून. मग कपाळावरून नाकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "तिचं नाव कोरलंय ना?" कॉलरच्या कडेला कोरलेलं नाव आम्ही दाखवलं, तेव्हा मान हलवली. दुसऱ्या दिवशी जे झालं ते सगळ्यांसाठी होतं. त्या रात्रीचं त्याच्या घरचं होतं. तुमच्या योजनेत ही एक रात्र नक्की धरा.

नंतर

ब्राँझला फार काही लागत नाही, पण चुकीचं काही लागलं तर बिघडतं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, ओलं फडकं यांतलं काहीही नको. पॅटिना निघून जातो आणि पितळी डाग उरतात. जयंतीच्या आधी तैलरंगाचा हात मारायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून रंगाची ती अट. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची. वर्षातून एकदा रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडाने पुसायचं.

हे काम कोण करणार ते नाव आणि महिना घालून लिहून द्या. आमच्याकडे ते वार्षिक प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात शिल्प विभागाची दुसऱ्या वर्षाची मुलं करतात. साचा शिल्पकाराकडे आहे. त्यातून काढलेली एक प्लास्टरची प्रत वहिनींनी घरी मागून घेतली, करारात तेवढी एकच प्रत ठरली होती. मुलांना दिलेल्या सूचनांच्या कागदावर शेवटची ओळ आहे : मानेच्या मागे कॉलरच्या आत अंगठ्याचे दोन ठसे आहेत, तिथे मेण साचतं, ते कापसाच्या काडीने हलक्या हाताने काढावं.